राजमुद्रा, शिवराई आणि राज्याभिषेक शक : शिवाजी महाराजांनी नव्या राज्याची ओळख कशी घडवली?

डिजिटल डेस्क, बार्शी : २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत विमानवाहू युद्धनौका विक्रांत नौदलात दाखल झाली. त्याच कार्यक्रमात भारतीय नौदलाचं नवं निशाण फडकलं. जुन्या निशाणावरचा सेंट जॉर्जचा लाल क्रॉस गेला आणि त्याच्या जागी सोनेरी किनारीचा निळा अष्टकोन आला. या अष्टकोनाची प्रेरणा शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेची आहे, असं तेव्हा अधिकृतपणे सांगण्यात आलं.

राजमुद्रेचा फोटो आज जवळपास प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असतो. गाड्यांच्या काचांवर, टी-शर्टवर, व्हॉट्सअॅपच्या डीपीवर ती दिसते. पण राजमुद्रा ही सजावटीची वस्तू नव्हती, तो कारभाराचा भाग होता. मुद्रा, निशाण, नाणं, शक, पदव्या आणि कारभाराची भाषा ही राज्याची ओळख महाराजांनी सुमारे तीस वर्षांत टप्प्याटप्प्याने उभी केली. ती का करावी लागली आणि तिचा उपयोग काय झाला, हे त्यांच्या आयुष्याच्या क्रमाने पाहू.

मुलूख आपला, शिक्का दुसऱ्याचा

शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर झाला. त्या वेळी दख्खनमध्ये निजामशाही, आदिलशाही आणि मुघल अशी तिहेरी ओढाताण चालू होती. वडील शहाजीराजे निजामशाही वाचवण्यासाठी झटले. १६३६ मध्ये निजामशाही संपली, तिचा मुलूख मुघल आणि आदिलशाहीने वाटून घेतला आणि शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत कर्नाटकात गेले. पुण्याची जहागीर त्यांच्याकडेच राहिली. जिजाबाईंच्या देखरेखीखाली शिवाजीराजे तिथे वाढले.

बार्शीच्या माणसाला हा काळ समजून घ्यायला लांब जावं लागत नाही. जवळच्या परांड्याच्या किल्ल्याने निजामशाही, आदिलशाही आणि मुघल अशा तिन्ही सत्ता पाहिल्या. सत्ता बदलली की बुरुजावरचं निशाण आणि कागदावरचा शिक्का बदलायचा. गावकऱ्याच्या दृष्टीने मालक कोण, हे त्यावरून ठरायचं.

सरदार कितीही मोठा असला तरी तो कुठल्या तरी बादशहाचा चाकर असे. त्याला जहागीर मिळे, फौज ठेवता येई, पण नाणं बादशहाच्या नावाचं चाले. शुक्रवारच्या नमाजात नाव घेतलं जाणं आणि आपल्या नावाचं नाणं पाडणं, या दोन गोष्टी त्या काळातल्या सुलतानी राजवटीत स्वतंत्र राज्यकर्त्याची खूण मानल्या जात. बाकीचे सगळे त्याच्या हाताखालचे.

पहिली खूण : संस्कृत राजमुद्रा

त्या वेळी दख्खनमधल्या सरदारांच्या मुद्रा साधारणपणे फारसीत असत. शहाजीराजे आणि जिजाबाई यांच्या मुद्राही फारसीत होत्या. शिवाजीराजांची मुद्रा मात्र संस्कृतात आणि देवनागरीत आहे. आकार अष्टकोनी. प्रतिपदेच्या चंद्राप्रमाणे वाढत जाणारी, जगाने मान दिलेली, शहाजीपुत्र शिवाजीची ही मुद्रा लोकांच्या कल्याणासाठी शोभते आहे, असा तिचा आशय.

यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक, मुद्रेत कुठल्याही बादशहाचं नाव नाही. दुसरी, सत्ता कशासाठी, याचं उत्तर मुद्रेतच दिलेलं आहे : लोकांच्या भल्यासाठी.

ही मुद्रा २८ जानेवारी १६४६ च्या एका प्रसिद्ध पत्रावर आहे. पुण्याजवळच्या रांझे गावच्या पाटलाने एका स्त्रीवर अत्याचार केला होता. चौकशीत गुन्हा सिद्ध झाल्यावर त्याचे हातपाय तोडण्याची शिक्षा झाली, त्याची पाटीलकी काढली गेली आणि त्याच्याच गोतातल्या दुसऱ्या माणसाला दिली गेली. तेव्हा शिवाजीराजे अजून सोळा वर्षांचेही नव्हते. पाटील म्हणजे गावातला सगळ्यात वजनदार माणूस. लोककल्याणाचं वचन कोरलेली मुद्रा एका ताकदवान गावप्रमुखाच्या विरोधात वापरली गेली, म्हणून हे पत्र इतकं महत्त्वाचं.

मुद्रा वापरायची कशी?

आजच्या सरकारी कागदावर लेटरहेड, सही आणि गोल शिक्का असतो. तेव्हाच्या राजपत्रावर दोन शिक्के असत. पत्राच्या वरच्या भागात मुख्य मुद्रा उमटवली जाई. मजकूर संपला की शेवटी दुसरी, लहान मुद्रा येई. तिला मोर्तब किंवा मर्यादा मुद्रा म्हणत. मजकूर इथे संपला, हा तिचा अर्थ. त्यामुळे पत्र बाहेर पडल्यावर कुणाला खाली आणखी एखादी ओळ घुसडता येत नसे.

आजच्या बातम्यांत रोज दिसणारा शिक्कामोर्तब हा शब्द याच पद्धतीतून आला आहे. शिक्का आणि मोर्तब दोन्ही झाले की निर्णय पक्का.

किल्ले मिळाले, दर्जा मिळेना

मुद्रा होती, पण दर्जाचा प्रश्न सुटलेला नव्हता. राजगडावर राजधानी झाली. १६५६ मध्ये जावळी घेतली. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा शेवट झाला. १६६३ मध्ये लाल महालात शाहिस्तेखानावर छापा पडला. पुढच्याच वर्षी सुरतेवर स्वारी झाली आणि नोव्हेंबर १६६४ मध्ये मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं. मुलूख, फौज, आरमार, महसूल असं राज्याला लागणारं जवळपास सगळं होतं.

तरीही बादशाही दप्तरात शिवाजीराजे म्हणजे एक बंडखोर जमीनदार. जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला आणि २३ किल्ले मुघलांना द्यावे लागले. बादशहाचं फर्मान आलं की सरदाराने पुढे चालत जाऊन ते स्वीकारायचं, हा रिवाजही त्यांना पाळावा लागला.

मे १६६६ मध्ये आग्र्याच्या दरबारात हाच प्रश्न सगळ्यांसमोर आला. महाराजांना खालच्या दर्जाच्या मनसबदारांच्या रांगेत उभं केलं गेलं. त्यांनी भर दरबारात नाराजी दाखवली आणि पुढे नजरकैद झाली. कोण कुठे उभा राहतो, कुणाला कोणती वस्त्रं मिळतात, कोणत्या नावाने पुकारलं जातं, यावर त्या जगात माणसाची पत ठरत होती. ऑगस्टमध्ये महाराज आग्र्याहून निसटले. १६६८ मध्ये औरंगजेबाने त्यांना राजा हा किताब दिला. पण दुसऱ्याने दिलेला किताब परतही घेता येतो.

याचा फटका रोजच्या कारभारालाही बसत होता. राजा नसलेल्या माणसाने दिलेलं इनाम पुढच्या पिढीत टिकेल का? त्याने केलेला तह दुसरं राज्य मानेल का? त्याच्यासाठी लढणारे सैनिक की बंडखोर? या प्रश्नांना तलवारीने उत्तर मिळत नव्हतं.

६ जून १६७४ : सगळ्या खुणा एकत्र

राज्याभिषेकाचा निर्णय झाला तेव्हा विरोधही झाला. महाराजांचं क्षत्रियत्व मान्य करायला अनेक जण तयार नव्हते. काशीचे विद्वान गागाभट्ट यांनी ते मान्य केलं आणि विधींची आखणी केली. आधी मुंज झाली, मग वैदिक पद्धतीने पुन्हा विवाहविधी झाले. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. तारीख होती ६ जून १६७४. अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जूनला जिजाबाईंचं निधन झालं. सप्टेंबरमध्ये निश्चलपुरी गोसावी यांच्या सांगण्यावरून तांत्रिक पद्धतीने दुसरा राज्याभिषेकही झाला.

मुंबईहून आलेला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन या सोहळ्याला हजर होता. सिंहासनाच्या बाजूला भाल्यांच्या टोकांवर लावलेली राजचिन्हं त्याने टिपून ठेवली : मोठ्या दातांच्या माशांची सोन्याची मस्तकं, घोड्यांच्या शेपट्या आणि सोन्याचा तराजू. मासा म्हणजे समुद्रावरची सत्ता, घोड्याची शेपटी म्हणजे घोडदळ आणि तराजू म्हणजे न्याय, असा त्यांचा अर्थ साधारणपणे लावला जातो. मासा आणि शेपटी ही चिन्हं तेव्हाच्या दरबारांना ओळखीची होती. बाहेरून आलेल्या कोणत्याही वकिलाला, आपण स्वतंत्र राजासमोर उभे आहोत, हे ती पाहून कळावं, असाच त्यांचा उपयोग होता.

ऑक्झेंडन फक्त सोहळा पाहायला आला नव्हता. त्याच मुक्कामात कंपनी आणि महाराज यांच्यात तह झाला. आपल्या नाण्यांना महाराजांच्या राज्यात चलन मिळावं, ही इंग्रजांच्या मागण्यांपैकी एक होती. म्हणजे नाण्याचा विषय परकीयांनाही या राजाशी बोलावा लागत होता.

नाणं : खिशात पोहोचलेलं राज्य

महाराजांच्या नावाने दोन प्रकारची नाणी ओळखली जातात : सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. दोन्हींवर फारसी मजकूर नाही. एका बाजूला श्री राजा शिव आणि दुसऱ्या बाजूला छत्रपती, अशी देवनागरी अक्षरं आहेत.

महाराजांचे होन आज फार थोडे सापडतात. शिवराया मात्र भरपूर सापडतात. अक्षरांचं वळण आणि शुद्धलेखन वेगवेगळं असलेल्या अनेक जाती संग्राहकांकडे आहेत. महाराजांनंतरही त्याच धर्तीची शिवराई पाडली जात राहिली आणि मराठी राज्य संपल्यावरही ती बाजारात चालली.

सोन्याचा होन सामान्य माणसाच्या हाती क्वचितच येई. तांब्याचं नाणं मात्र भाजीवालीपासून बलुतेदारापर्यंत सगळ्यांकडे जाई. राजधानी न पाहिलेल्या माणसालाही राजाचं नाव त्यातून कळायचं. म्हणून सगळ्या खुणांमध्ये सर्वात दूरवर पोहोचलेली खूण बहुधा शिवराईच असावी.

जुनी नाणी एका रात्रीत बंद झाली, असं मात्र नाही. महाराजांच्या खजिन्यात नाना प्रकारचे होन होते, हे सभासद बखरीतल्या यादीवरून दिसतं. बाजार जे नाणं घेत होता, ते राज्यही घेत होतं.

राज्याभिषेक शक : नवं कॅलेंडर

त्या काळच्या मराठी कागदांवर शुहूर सन असे. ही अरबी अंकनावांची कालगणना आदिलशाही, निजामशाहीपासून चालत आलेली होती. शुहूर सनात सुमारे ६०० मिळवले की इसवी सन मिळतं. राज्याभिषेकापासून महाराजांनी स्वतःचा शक सुरू केला.

घरात जुने कागद असतील तर एक सोपं गणित लक्षात ठेवा. राज्याभिषेक शकाच्या आकड्यात १६७३ मिळवा. शक १ म्हणजे १६७४-७५. याच हिशोबाने २०२३ मध्ये ३५० वा शक सुरू झाला आणि त्या वर्षी राज्यभर कार्यक्रम झाले.

शुहूर सनही वापरातून गेला नाही, पेशवाईच्या कागदांतही तो दिसतो. वसुलीचे हिशोब ज्या सनावर बसवलेले होते, तो एकदम मोडला असता तर गावोगावचे कुलकर्णी अडचणीत आले असते.

पदव्या आणि भाषा : काय टिकलं, काय नाही?

राज्याभिषेकानंतर अष्टप्रधानांच्या पदांना संस्कृत नावं मिळाली :

• पेशवा : मुख्य प्रधान (मोरोपंत पिंगळे)
• मुजुमदार : अमात्य
• सुरनीस : सचिव
• वाकनीस : मंत्री
• सरनौबत : सेनापती (हंबीरराव मोहिते)
• डबीर : सुमंत

न्यायाधीश आणि पंडितराव धरून हे आठ.

कारभारात रुळलेल्या फारसी शब्दांना पर्याय देण्यासाठी राज्यव्यवहारकोश तयार झाला. हे काम रघुनाथ नारायण हणमंते यांच्याकडे होतं आणि धुंडिराज व्यास यांचा त्यात हात होता. दहा वर्गांत मिळून त्यात सुमारे १,४०० शब्द आहेत. राजा, किल्ला, फौज, बाजार अशा राज्यकारभाराच्या अंगांप्रमाणे शब्दांची विभागणी आहे.

आता निकाल पाहा. सचिव, मंत्री, सेनापती हे शब्द आजही मराठीत आहेत. मंत्रालयात मंत्री आणि सचिव दोन्ही बसतात. दुसरीकडे मुख्य प्रधान हे नाव कागदावर राहिलं आणि लोकांच्या तोंडी पेशवाच टिकला. इतका, की पुढच्या शतकातल्या संपूर्ण राजवटीला पेशवाई म्हणतात. अर्ज, फिर्याद, वकील, जमीन हे शब्दही गेले नाहीत. ज्या शिक्कामोर्तब शब्दाचा उल्लेख आधी आला, तोही मुळात बाहेरूनच आलेला. राजाने शब्द दिला तरी लोक तो घेतात की नाही, हे लोकच ठरवतात.

भगवं निशाण

महाराजांच्या निशाणाचा रंग भगवा. त्याच्या सुरुवातीबद्दल परंपरेत समर्थ रामदासांच्या छाटीची कथा सांगितली जाते. पण हा रंग या मातीला नवा नव्हता. साधू-बैराग्यांचा हा रंग, वारकऱ्यांच्या पताकेचाही हाच. पंढरपूरची एकादशी करून द्वादशीला बार्शीच्या भगवंताच्या दर्शनाला येणाऱ्या वारकऱ्याला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

यात आणि राजमुद्रेत एक फरक आहे. संस्कृत मुद्रा पंडित आणि दरबारी माणसाला वाचता येई. निशाण वाचावं लागत नव्हतं, लांबून ओळखता येत होतं. लोकांच्या ओळखीचा रंग राज्याचा झाला. मराठी फौजेचा जरीपटका म्हणजे जरीचं काम असलेलं मानाचं निशाण. तो सोबत असणं ही जबाबदारी मानली जाई आणि तो पडणं ही नामुष्की.

खुणांची खरी परीक्षा महाराजांनंतर

३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर महाराजांचं निधन झालं. संभाजी महाराजांनी नऊ वर्षं औरंगजेबाला तोंड दिलं. १६८९ मध्ये त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी रायगड मुघलांच्या हाती गेला. राजधानी नाही, सिंहासन नाही, शाहू आणि येसूबाई कैदेत. एखादं बंड असतं तर ते इथे संपलं असतं.

राजाराम महाराज दूर तमिळ मुलखातल्या जिंजीला गेले आणि तिथून कारभार चालू ठेवला. तिथेही छत्रपती होते, अष्टप्रधान होते, मुद्रा होती. तिथून निघालेल्या आज्ञा महाराष्ट्रातले देशमुख आणि सरदार मानत होते.

याच काळात, १६९५ ते १६९९, औरंगजेबाची छावणी आजच्या सोलापूर जिल्ह्यात होती. मंगळवेढा तालुक्यात माचणूरजवळ, भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला. आलमगीर बादशहा स्वतः या जिल्ह्यात तळ ठोकून बसला होता आणि तरी शेकडो मैलांवरून येणाऱ्या छत्रपतींच्या कागदांवर मराठे लढत होते. राज्य एका माणसाच्या किंवा एका किल्ल्याच्या आधारावर उभं नव्हतं, याचा हा पुरावा. १६७४ मध्ये झालेला खर्च, विधी आणि खटाटोप कशासाठी होता, याचं उत्तर पंधरा-वीस वर्षांनी मिळालं.

नवं चिन्ह निवडणं आजही सोपं नाही

न्यूझीलंडने राष्ट्रध्वज बदलण्यासाठी २०१५-१६ मध्ये सार्वमत घेतलं. हजारो डिझाइन आली, पण शेवटी बहुमत जुन्या ध्वजाच्याच बाजूने गेलं. दक्षिण आफ्रिकेने १९९४ मध्ये वर्णभेदाची राजवट संपताना नवा ध्वज घेतला आणि लोकांनी तो उचलून धरला.

आपल्या नौदलाचीही गोष्ट अशीच. २००१ मध्ये क्रॉस काढून निळं बोधचिन्ह लावलं, पण आकाश आणि समुद्राच्या निळ्यात ते नीट दिसत नाही अशी तक्रार आली. २००४ मध्ये क्रॉस परत आला. २०२२ मध्ये तो पुन्हा गेला आणि अष्टकोन आला.

चिन्ह कागदावर चांगलं दिसणं पुरत नाही. ते लांबून ओळखू यावं लागतं, लोकांना आपलं वाटावं लागतं आणि त्यामागे तसा कारभारही असावा लागतो. शिवाजी महाराजांच्या बाबतीत तिसरी गोष्ट आधी होती. रांझ्याच्या पाटलाला शिक्षा झाली १६४६ मध्ये, छत्र डोक्यावर आलं १६७४ मध्ये. मधली २८ वर्षं त्या मुद्रेचा शब्द खरा करण्यात गेली.

थोडक्यात

• १६४६ : रांझे गावच्या निकालाच्या पत्रावर संस्कृत राजमुद्रा
• १६६६ : आग्रा दरबारात दर्जाचा प्रश्न ऐरणीवर
• ६ जून १६७४ : रायगडावर राज्याभिषेक, नवा शक, संस्कृत पदव्या
• नाणी : सोन्याचा होन, तांब्याची शिवराई, दोन्ही देवनागरीत
• ३ एप्रिल १६८० : महाराजांचं निधन
• १६८९ नंतर : राजधानी गेली, तरी जिंजीतून छत्रपतींच्या मुद्रेने कारभार चालू
• २ सप्टेंबर २०२२ : राजमुद्रेपासून प्रेरणा घेतलेला अष्टकोन नौदलाच्या निशाणावर